निकाल लागेपर्यंत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत आणि त्या नदीलाही आता लोक वेगळ्याच नावानं ओळखत असतील. लहान मुलांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुमच्यासाठी जरा जास्तच आहे.

एक रुंद नदी होती. तिच्या पूर्वेला एका राजाचं राज्य, पश्चिमेला दुसऱ्याचं. दोन्ही राजे तसे वाईट नव्हते. प्रजेला छळत नव्हते, दिलेला शब्द पाळत होते. पण एका वर्षी नदीला मोठा पूर आला आणि तिनं आपली वाट बदलली. पश्चिमेच्या काठाला लागून असलेलं एक भलं मोठं हिरवं कुरण नव्या प्रवाहाच्या पूर्वेला आलं.

पूर्वेचा राजा म्हणाला, "नदी हीच सीमा, असं आमच्या आणि त्यांच्या पूर्वजांचं ठरलेलं आहे. नदीच्या अलीकडे जे आहे ते आमचं."

पश्चिमेचा राजा म्हणाला, "पाणी हललं म्हणून जमीन हलत नाही. कुरण आमचं होतं, आमचंच आहे."

दोघांचंही बोलणं ऐकणाऱ्याला पटण्यासारखं होतं, आणि तिथंच सगळं बिघडलं. आपण चुकतोय की काय, असं एकाला जरी मनातून वाटलं असतं तरी तो थोडा नमला असता. पण दोघांनाही पक्की खात्री होती. म्हणून युद्ध सुरू झालं.

नदीच्या पूर्वेच्या काठावर दुथड नावाचं गाव होतं. गावातले लोक उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं आणि खरबुजं लावत. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेचं घोडदळ नदी ओलांडून आलं आणि सगळे वेल तुडवून गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पूर्वेच्या राजाचे, म्हणजे गावाच्या स्वतःच्याच राजाचे शिपाई आले. शत्रूच्या हाती धान्य लागू नये म्हणून त्यांनी गावाला आग लावली.

त्या गावात सगुणा नावाची एक बाई राहत होती. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी तापानं गेला होता. घरात ती आणि तिची मुलगी तुळसा, दोघीच. आग लागली तेव्हा लोक सैरावैरा नदीकडे धावले. सगुणा कोंडलेली म्हैस सोडायला मागं वळली आणि तेवढ्यात तुळसाचा हात तिच्या हातातून सुटला. कुणीतरी त्या पोरीला उचलून एका होडीत टाकलं. होडीत माणसं फार झाली होती. ती प्रवाहाबरोबर भरकटत धुरात दिसेनाशी झाली. ती पश्चिमेच्या काठाकडे गेली असं लोकांनी नंतर सांगितलं. कुणी म्हणालं, लागली. कुणी म्हणालं, उलटली.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही राजांनी नदीवर पहारे बसवले. जो नदी ओलांडेल तो हेर, आणि हेराला बाण. सगुणा रोज काठावर जाऊन उभी राहायची आणि हाका मारायची. नदी रुंद होती. हाक अर्ध्यावरच विरून जायची.

इकडे युद्ध काही संपेना. शेवटी दोन्ही राजांच्या प्रधानांनी मिळून एक तोड काढली. दक्षिणेच्या राज्यात वीरेश्वरशास्त्री नावाचे न्यायाधीश होते. त्यांचा निकाल कधी चुकला नाही अशी त्यांची कीर्ती होती. कुरण कुणाचं, हे त्यांनी ठरवावं. दोन्ही राजे आनंदानं तयार झाले, कारण निकाल आपल्याच बाजूनं लागणार याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. मात्र निकाल लागेपर्यंत लढाई थांबवावी, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

शास्त्रीबुवा दुथडला आले. गावात दगडी देऊळ तेवढं आगीतून वाचलं होतं. त्याच्या ओवरीत त्यांनी आपली बैठक मांडली. त्यांच्या दोन वेळच्या भाकरीचं काम गावानं सगुणाकडे दिलं.

पहिले काही दिवस पूर्वेचे वकील बोलले. त्यांचं बोलणं मुद्देसूद होतं. मग पांढरं निशाण लावलेल्या होडीतून पश्चिमेचे वकील आले. त्यांचं बोलणंही तितकंच मुद्देसूद होतं. शास्त्रीबुवा दोघांचंही मन लावून ऐकत. अधूनमधून दूरवर शिंगं वाजत आणि मग संध्याकाळी गावावरून जखमी माणसांच्या डोल्या जात.

एका दुपारी वकील उठून गेल्यावर शास्त्रीबुवांनी सगुणाला बसवून घेतलं. गावची माणसं काय म्हणतात तेही त्यांना ऐकायचं होतं.

"बाई, तुमचं घर कुणी जाळलं?"

"आमच्याच राजाच्या शिपायांनी."

"आणि तुमचे कलिंगडाचे वेल?"

"ते पलीकडच्यांच्या घोड्यांनी तुडवले."

"मग तुमचा राग कुणावर आहे?"

सगुणानं पदरानं हात पुसले. "राग करायला जीव थाऱ्यावर लागतो, शास्त्रीबुवा. माझी लेक पलीकडे आहे. आहे की नाही, तेही ठाऊक नाही. तुम्ही मोठे आहात. मला एवढंच सांगा, नदी कधी उघडेल?"

शास्त्रीबुवांना तिची कीव आली. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "धीर धरा, बाई. खरं कुणाचं आणि खोटं कुणाचं, ते मी शोधून काढीन. तुमच्यावर जे आलं त्याचा न्याय होईल."

"शोधा ना. तुमचं कामच आहे ते," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती मनापासून विचारत होती. "पण पूर्वेच्या राजाचं खरं निघालं, तर माझं घर जळलंच नाही असं होईल का? आणि पश्चिमेच्या राजाचं खरं निघालं, तर माझी तुळसा आपोआप घरी येईल का?"

शास्त्रीबुवांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"मला विचाराल तर," ती उठता उठता म्हणाली, "कुणाचंही खरं असू द्या. आधी हे युद्ध थांबवा, मग सावकाश शोधा."

ती गेली. ताटातली भाकरी तशीच गार झाली. आजवर शास्त्रीबुवांनी शेकडो निवाडे केले होते. आधी खरं शोधायचं आणि मग बाकीचं, हाच त्यांचा क्रम होता. त्या क्रमात आपण कुठल्या माणसाला किती दिवस काठावर उभं करून ठेवतो, याचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पूर्वेच्या राजाच्या छावणीत गेले.

"महाराज, निकाल लागेपर्यंत लढाई थांबवा."

राजा संतापला. "थांबवू? उद्या लोक म्हणतील, राजाची बाजू लंगडी होती म्हणून तो थांबला!"

"मला उलट वाटतं," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "ज्याची बाजू खरी आहे, त्याला न्यायाची वाट बघायला भीती कसली? निकालाआधी हाती लागेल ते हिसकावून घ्यायची घाई कुणाला होते? ज्याला आपल्या खरेपणाची खात्री नसते, त्याला. दोघांपैकी जो थांबणार नाही, त्याच्याबद्दल मला काय वाटेल ते महाराजांनीच ठरवावं."

राजा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, "आणि तो पलीकडचा? तो थांबेल?"

"त्याच्याकडेच निघालोय. तुमच्या आधी थांबायचा मान त्याला द्यायचा असेल, तर तसं सांगतो."

"मुळीच नाही!" राजा ताडकन उठला. "आम्ही आधी थांबलो म्हणून सांगा!"

पश्चिमेच्या राजाकडेही थोड्याफार फरकानं हेच बोलणं झालं. तोही आधी संतापला, मग विचारात पडला, आणि पूर्वेचा राजा आधी थांबला हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. मात्र त्यानं एक प्रश्न विचारला.

"निकालाला किती दिवस लागतील, शास्त्रीबुवा?"

"महाराजांना घाईघाईनं लावलेला निकाल चालेल का?"

"छे! नीट तपासून लावा."

"मग लागतील तेवढे लागतील," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि एक. साक्षीदारांना माझ्याकडे येता-जाता आलं पाहिजे. दोन्ही काठांवरचे पहारे उठवावे लागतील."

तेही कबूल झालं.

दुथडच्या काठावर लिंबाजी नावाचा नावाडी होता. त्याचा एकुलता एक मुलगा राजाच्या फौजेत होता आणि पहिल्याच उन्हाळ्यात, नदी ओलांडताना, पाण्यात बाण लागून गेला होता. तेव्हापासून लिंबाजी फारसा बोलत नसे. पहारे उठले त्या सकाळी सगुणा त्याच्या होडीत जाऊन बसली.

काठावर पूर्वेचा एक शिलेदार उभा होता. त्यानं हटकलं, "तू कसली साक्ष देणार?"

"कुरणात माझी म्हैस चरलीय," सगुणा म्हणाली. पूर आल्यापासून ती एकदाच त्या कुरणात गेली होती, चुकलेली म्हैस शोधायला. पण ते काही खोटं नव्हतं.

लिंबाजीनं तिला पलीकडे सोडलं. स्वतः मात्र खाली उतरला नाही. "त्या मातीला पाय लावणार नाही मी," तो म्हणाला. "इथंच थांबतो."

सगुणा एकेक वस्ती विचारत निघाली. आग लागलेल्या दिवशी इकडे आलेली एक पोर. एवढी उंच. पुढचा एक दात पडलेला. कुणी मान हलवली, कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं हनुवटीनं टेकडीकडे खूण केली. तिथं गिरजोजी नावाचा मेंढपाळ बायकोबरोबर राहत होता.

टेकडीवर घराबाहेर, मेंढरांच्या कोंडवाड्याजवळ, एक पोर लोकरीतली कुसळं वेचत बसली होती. तिनं मान वर केली. एकदम ओरडली नाही, धावली नाही. डोळे बारीक करून नुसती बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तुझे केस कुठं गेले?"

आगीत सगुणाची वेणी जळाली होती. ते तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. ती मटकन खाली बसली, आणि मग मात्र तुळसा धावली. किती वेळ दोघी तशाच होत्या, मेंढरं भोवती जमली तरी हलल्या नाहीत.

गिरजोजी आणि त्याची बायको थोडं दूर उभी होती. होडी उलटल्यावर गिरजोजीनंच पोरीला पाण्यातून काढलं होतं. त्यांचाही मुलगा युद्धात गेला होता. पूर्वेच्या सैनिकांनी मारला होता. तरी नदीपलीकडची पोर त्यांनी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती.

निघताना गिरजोजीच्या बायकोनं तुळसाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच घरात निघून गेली. सगुणा तिच्या मागोमाग आत गेली. त्या काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही. पण त्यानंतर दर आठवड्याला तुळसा लिंबाजीच्या होडीतून टेकडीवर जायला लागली.

तर मंडळी, नदी उघडली. पण निकालाचं काय झालं?

पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही राजांचे दूत आले. "झाला का निकाल?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "नदीनं वाट कशी बदलली, ते पूर आल्याशिवाय कसं कळेल? पूर बघू द्या."

पूर ओसरल्यावर दूत पुन्हा आले. "आता उन्हाळ्यात नदी कुठून वाहते ते बघायला हवं," शास्त्रीबुवा म्हणाले. उन्हाळा झाला. मग पूर्वेच्या काठावरच्या म्हाताऱ्यांच्या साक्षी झाल्या. मग पश्चिमेच्या. मग असं निघालं, की सगळ्यात म्हातारा साक्षीदार लेकीकडे दूर देशी गेलाय. त्याची वाट बघावी लागली.

छावण्यांमध्ये शिपाई कंटाळले. पेरणी आली तशी कुणाला घरची ओढ लागली, कुणाला घरी बाळ झाल्याचा निरोप आला. राजांनीही रिकामं बसलेलं सैन्य थोडं थोडं करून घरी धाडलं. तंबू कमी होत होत एके दिवशी उरलेच नाहीत. दुथडची घरं पुन्हा उभी राहिली. वाळूत पुन्हा कलिंगडं लागली. कुरणाचा निकाल लागला नव्हता, म्हणजे ते अजून कुणाचंच नव्हतं. म्हणून दोन्ही काठांची गुरं त्यात चरायला लागली.

शास्त्रीबुवांची मात्र शोभा झाली. त्यांच्या स्वतःच्या राज्यात लोक हसायला लागले. म्हणायचे, "म्हातारा खुळावला. एका कुरणाचा निकाल लागेना त्याच्यानं!" ज्या कीर्तीसाठी त्यांना बोलावलं होतं, ती कीर्ती वर्षावर्षानं झिजत गेली. ते ऐकत, आणि ओवरीत पाय पसरून सगुणानं आणलेलं खरबूज खात बसत.

अशी बरीच वर्षं गेली. आणि एक दिवस लिंबाजी नावाडी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"शास्त्रीबुवा, सगळं गाव म्हणतं, तुम्हाला निकाल काढता येत नाही. मी नाही म्हणत. मी तुम्हाला रोज नदीवरून नेतो-आणतो. तुम्हाला ठाऊक आहे."

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. या माणसाशी खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "होय," ते म्हणाले. "इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं."

"मग मला सांगा." लिंबाजी ओवरीच्या पायरीवर टेकला. "बाकीच्यांना नको असेल, मला हवंय. माझा पोरगा खऱ्यासाठी गेला की खोट्यासाठी? बापाला एवढंही कळू नये?"

"कळायला हवं. तुमचा हक्कच आहे तो," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण निकाल एकट्याला सांगत नाहीत. दोन्ही बाजू समोर लागतात. पलीकडचा असा कुणी घेऊन या, ज्याचा मुलगा त्याच युद्धात गेलाय."

लिंबाजी दोन दिवस घुमा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं होडी पश्चिमेच्या काठाला लावली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली पाय ठेवला. टेकडी चढून तो गिरजोजीच्या दारात गेला.

गिरजोजीनं सगळं ऐकून घेतलं. "मला काही विचारायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण तू म्हणतोस तर येतो." त्यानं स्वच्छ धुतलेलं पागोटं काढून बांधलं आणि काठी घेतली.

दोघं ओवरीत शेजारी शेजारी बसले. शास्त्रीबुवा म्हणाले, "मी जे बोलेन ते एकाला सुखाचं असेल आणि दुसऱ्याला जन्मभर सोसावं लागेल. बोलू?"

गिरजोजीनं मान हलवली. पण त्यानं काठी जवळ ओढून दोन्ही हातांनी धरली. लिंबाजीला ते दिसलं. तो त्या हातांकडेच बघत राहिला.

"नाव काय होतं तुमच्या पोराचं?" त्यानं विचारलं.

"मानाजी."

"माझा नागू." थोडं थांबून लिंबाजीनं विचारलं, "पोहता यायचं का त्याला?"

"छे, डोंगरातलं पोर. पाण्याला भ्यायचा. हसायची सगळी त्याला."

"नागू पाण्यातच वाढला. पोहायला लागला की हाका मारून दमायची आई, बाहेर म्हणून येत नसे." लिंबाजीचे डोळे भरून आले. आपल्या मुलाबद्दल इतकं तो कितीतरी वर्षांत बोलला नव्हता.

शास्त्रीबुवा वाट बघत होते.

"राहू द्या, शास्त्रीबुवा," लिंबाजी म्हणाला.

"का?"

"माझं खरं म्हणालात, तर नागू काही उठून येणार नाही. आणि हा माणूस मात्र आज आपला मानाजी दुसऱ्यांदा घालवून टेकडी चढेल. त्याचं खरं म्हणालात, तर माझं तसंच होईल. मला वाटायचं, कळलं की छातीवरचं ओझं उतरेल." त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "ते उतरलंय. न कळताच उतरलंय."

गिरजोजीनं इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. आणि खरं सांगायचं तर शास्त्रीबुवांनीही सोडला. इतकी वर्षं तो निकाल त्यांनी एकट्यानं सांभाळला होता. तो मागायचा खरा हक्क ज्यांना होता, त्यांनीच आज त्यांना मोकळं केलं होतं.

सगुणा ताक घेऊन आली, तेव्हा दोघं म्हातारे आपापल्या पोरांच्या खोड्या सांगत होते, आणि शास्त्रीबुवा भिंतीला टेकून हसत होते.

पुढं दोन्ही राजे म्हातारे झाले आणि गेले. त्यांच्या मुलांनी एकदाच दूत पाठवून निकालाची चौकशी केली. "काम चालू आहे," असं उत्तर गेलं. मग कुणी विचारलंच नाही. शास्त्रीबुवा गेले तेव्हा त्यांना निरोप द्यायला दोन्ही काठ लोटले होते. निकाल त्यांच्याबरोबरच गेला. दुथडच्या लोकांना तो आजवर कळलेला नाही. पण त्या गावाला पुन्हा कधी आग लागली नाही, आणि कुरणात दोन्ही काठांची पोरं अजून गुरं घेऊन येतात.

युद्धात खरं कुणाचं, हा प्रश्न मोठा असेल. पण ज्यांच्यावर ते युद्ध कोसळतं, त्यांना खऱ्या-खोट्याच्या निकालाआधी ते थांबायला हवं असतं.